नारूवरचा कागद आणि चेअरमनची सही

आमचे नाना ‘तसं बघितलं तर’ म्हटल्याशिवाय कुठलंही वाक्य सुरू करत नाहीत. थर्मामीटर झटकतात, उजेडाला धरतात आणि म्हणतात, “तसं बघितलं तर एकशे दोन आहे.” तसं नाही बघितलं तर किती असतो, हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

नाना म्हणजे माझे चुलते, डॉक्टर उत्तरेश्वर पिराजी बनसोडे. अणदूरहून आत वळलं, की एसटीचा धुरळा खाली बसेपर्यंत आमचं गाव येतं. तिथल्या सरकारी दवाखान्यात ते डॉक्टर आहेत. अंगानं काटक, चष्म्याची एक काडी कितीतरी वर्षं दोऱ्यानं बांधलेली होती. सायकलला पुढं दिवा नाही, पण मागं मायक्रोस्कोप बांधायचा रबरी पट्टा कायम. हा माणूस मोठ्यानं बोललेला कुणी ऐकला नाही. दवाखान्यात पेशंट ओरडतो, पेशंटची बायको ओरडते, बाहेर बांधलेली शेळी ओरडते, आणि नाना मधे बसून शांतपणे विचारतात, “पाणी कुठलं पिता?” पाय मुरगळून आलेल्यालाही हेच विचारतात. एकदा दात दुखतो म्हणून आलेल्या हणमंतप्पा तेल्यांनी कंटाळून सांगितलं होतं, “पाणी बारवंचं पितो, पर दात माझा हाय सायेब, त्येच्याकडं बघा.”

ह्या प्रश्नाच्या मागं नानांचं अख्खं आयुष्य आहे, म्हणून आधी नारूचं सांगते.

नारू म्हणजे पायातून निघणारा पांढरा दोऱ्यासारखा जंत. आधी फोड येतो, आग आग होते, मग फोड फुटून दोऱ्याचं टोक बाहेर डोकावतं. ते टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली तर तुटतो, आणि तुटला की पाय भोपळ्याएवढा होतो. आमच्या गावात उन्हाळ्यात निम्मी माणसं पायाला काडी बांधून बसलेली असायची, आणि कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही. ‘उन्हाळा म्हंजी आंबा, लगीन आनि नारू,’ असं आमच्या चेअरमनचं भाषण असायचं.

आता गंमत अशी की, हा नारू गावात होता, आमच्या वस्तीत नव्हता. गावाला मोठी बारव होती, दगडी पायऱ्यांची. तिच्यात पाण्यापर्यंत उतरायचं, पाय बुडवून घागर भरायची. आम्हाला तिच्यात उतरू देत नव्हते. आमच्या लोकांनी धम्म घेतला, घरातले देव गेले, नावं बदलली, तरी बारवेची रीत काही बदलली नव्हती. आमच्या वस्तीला एक अरुंद आड होता. त्यात उतरायला मांजरालासुद्धा जागा नाही. वरूनच दोर सोडायचा, वरूनच ओढायचा. आज्जीच्या तळहातावर त्या दोराचे घट्टे अजून आहेत.

बाहत्तरच्या दुष्काळात आड आटला. खाली दगड दिसायला लागले. तेव्हा गावच्या आबाराव पाटलांनी, जे पुढं सोसायटीचे चेअरमन झाले, स्वतः वस्तीत येऊन सांगितलं, “म्या म्हन्तो, बारवंतनं भरा. माणूस हाय तर गाव हाय. काय?” पाटलांच्या बोलण्यातलं ते शेवटचं ‘काय?’ हा प्रश्न नसतो. ते नुसतं पूर्णविराम म्हणून येतं.

आमची माणसं आयुष्यात पहिल्यांदा बारवेत उतरली. आज्जी म्हणते, पायऱ्या गार होत्या, एवढंच आठवतं.

आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या आजोबांच्या, म्हणजे पिराजींच्या, पायाला फोड आला.

नाना तेव्हा नुकतेच डॉक्टर होऊन औरंगाबादहून परतले होते. बापाचा पाय मांडीवर घेऊन ते काडी गुंडाळत बसले होते. आजोबा मुळातच कमी बोलणारे. ते एवढंच म्हणाले, “आमाला ह्ये कवा न्हवतं रे.”

दुसरा कुणी असता तर ‘हं’ म्हणून पुढं गुंडाळत बसला असता. नानांनी काडी खाली ठेवली आणि विचारलं, “का नव्हतं?”

मग कितीतरी वर्षं ते सायकलवरून गावोगाव फिरले. कुठल्या घरी आडाचं पाणी, कुठल्या घरी बारवेचं. दुष्काळाच्या आधी कुठलं, नंतर कुठलं. नारू कधी निघाला. लोक म्हणायचे, डॉक्टरला पाण्याचं खूळ लागलंय. पण उत्तर सापडलं. नारू झालेला पाय पाण्यात बुडतो, तिथं नारूची पिल्लं सुटतात, ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात आणि ते पाणी आपण पितो. त्यानंतर वर्षभर काहीच नाही, आणि मग फोड. हे पुस्तकात आधीच होतं. पुस्तकात नव्हतं ते आमच्या गावात होतं: एकच गाव, एकच ऊन, आणि मधे एक रीत. त्या रितीनं अर्ध्या गावाला नारू दिला आणि अर्ध्याला वाचवलं, आणि दुष्काळानं रीत मोडली तेव्हा नारू सगळ्यांत वाटून गेला. उतरणं बंद करा, वरून ओढा, नारू जाईल, असं नानांनी पुराव्यासकट लिहिलं. सत्त्याहत्तर साली तो लेख हैदराबादेहून निघणाऱ्या एका वैद्यकीय मासिकात छापून आला. मासिक इतकं लहान की त्याचे संपादक आणि वाचक बहुतेक एकाच घरातले असावेत.

त्यानंतर सुरू झाली कार्डं.

बाहेरच्या देशांतल्या डॉक्टरांची एक रीत आहे. एखादा लेख यादीत नुसता दिसला, पण मासिक हाताशी नाही, तर ते सरळ लिहिणाऱ्यालाच छापील पोस्टकार्ड टाकतात: आपल्या लेखाची एक प्रत कृपया पाठवावी. आमचे पोस्टमन बंडप्पा हे सोलापूरच्या अलीकडच्या कानडी गावचे. ते कार्ड उलटंसुलटं करून, तिकिटावरचा पक्षी सगळ्या वस्तीला दाखवून मगच देणार. “अय्यो डॉक्टर, हे चेकोस्लो… स्लो… का काय आहे रीऽ! तुमचं सोयरं कुठं कुठं पसरलंय हो!”

आज्जी चुलीपासून विचारायची, “काय मागतंय ते?”

“कागद मागतंय आई.”

“मग दे की.”

मासिकानं नानांना थोड्या छापील प्रती दिल्या होत्या. त्या भराभर संपल्या. कार्डं थांबेनात. नाना मग ‘प्रती संपल्या, क्षमस्व’ असं लिहून पाठवायला लागले. हे आज्जीला कळलं त्या दिवशी तिनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली.

“मागनाऱ्याला मोकळं लावलंस?”

“आई, तसं बघितलं तर प्रती संपल्यात.”

“मागनाऱ्याच्या जागी म्या हुबी ऱ्हायलेली हाय उत्तरेश्वर. आड आटला तवा, बारवंच्या वर, घागर घिऊन, कुनीतरी वतंल म्हनून. संपलं म्हनायला लई सोपं असतंय. छाप अजून.”

गावात छापायचं यंत्र एकच होतं: सोसायटीचं सायक्लोस्टाइल. वार्षिक सभेच्या नोटिसा त्याच्यावर निघायच्या आणि त्या वाचणाऱ्याची बोटं दोन दिवस काळी राहायची. नाना चेअरमनकडं गेले. आबाराव पाटील खुशीत म्हणाले, “म्या म्हन्तो, त्यात इचारायचं काय? यंत्र सोसायटीचं, सोसायटी गावाची, गाव तुमचं. काय? अर्ज करा फकस्त.”

नानांनी अर्ज केला. काम सोपवलं सेक्रेटरी शिवलिंगप्पांवर. शिवलिंगप्पा सोलापूरला इंग्रजी टायपिंग शिकलेले, आणि ते शिकल्यापासून कुणी त्यांना इंग्रजी टाइप करायला दिलेलं नव्हतं. त्यांनी हात चोळले. तेवढ्यात नवरात्र आलं आणि नानांची नेमणूक तुळजापूरला, यात्रेत कॉलऱ्याच्या सुया टोचायला. शिवलिंगप्पा म्हणाले, “तुमी निर्धास्त जावा सायेब. टायपिंग माझं, पोस्टिंग माझं.”

नाना परत आले तोवर सगळं पोस्टात पडलं होतं. सगळी कार्डं बघून, सगळ्या पत्त्यांवर. नानांनी शिवलिंगप्पांना मनापासून धन्यवाद दिले आणि दवाखान्यात जाऊन पहिल्या पेशंटला विचारलं, “पाणी कुठलं पिता?”

शिवलिंगप्पांनी काय केलं होतं, ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. ते बोलताना प्रत्येक शब्दावर शिक्का मारल्यासारखं थांबतात. “हे बघ बाळ. इंग्रजी असो. का मराठी. सोसायटीतनं कागद भायेर पडला. की त्येला जावक नंबर पायजे. वर विषय पायजे. संदर्भ पायजे. खाली चेअरमनची सही पायजे. गोल शिक्का पायजे. न्हायतर. ऑडिटमधी निघतं.”

म्हणून त्यांनी नानांच्या लेखाला सोसायटीच्या परिपत्रकाचा साज चढवला. वर विषय: नारू. संदर्भ: डॉ. बनसोडे यांचा अर्ज. मग नानांचा लेख, एक स्वल्पविराम न चुकता. आणि शेवटी, खाली, ठळक इंग्रजीत: आबाराव पाटील, चेअरमन. वर सही. शेजारी गोल शिक्का. लेखाच्या मथळ्याखाली नानांचं नाव होतं, ते त्यांनी गाळलं. का? “अर्जदाराचं नाव. संदर्भात. आलंय की. दोनदा कशाला?”

आता प्रागच्या किंवा लागोसच्या डॉक्टरला काय कळणार की आमच्याकडं खाली सही करणारा लिहिणारा नसतो? कार्ड कुणाच्या नावानं टाकलं होतं ते तोवर तो विसरलेला; त्यानं सही बघितली आणि लेखक ठरवला.

वर्षभर काहीच नाही. नारूसारखंच. मग एक दिवस बंडप्पा कार्ड घेऊन आमच्या वस्तीत न येता पाटलांच्या ओट्याकडं वळले. कार्डावर लिहिलं होतं, ‘प्रिय प्रोफेसर पाटील’.

पाटील ते घेऊन स्वतः दवाखान्यात आले. नानांनी वाचलं. सोसायटीतली स्थळप्रत मागवली, उभ्यानं चाळली, शेवटचं पान बघितलं आणि बराच वेळ बघितलं. मग हसले. “तसं बघितलं तर काम पोचलं. पोचल्याशी मतलब.”

“म्या म्हन्तो, तुमचं नाव आनि गावाचं नाव ह्येच्यात फरक हाय का? काय?” असं म्हणून पाटलांनी ते कार्ड परत घेतलं आणि काचेची चौकट करून सोसायटीत लावलं.

मनात काळं ठेवणारे नाहीत आमचे पाटील. पण ‘प्रोफेसर’ हा शब्द माणसाला हळूहळू भिनतो. पहिल्या वर्षी ते नुसते चौकटीखाली बसायचे. दुसऱ्या वर्षी बाजारात भेटणाऱ्याला सांगायला लागले, “पानी गाळून प्या. म्या लिवलंय त्यात.” तिसऱ्या वर्षी त्यांनी नानांनाच सांगितलं, “डॉक्टर, लोकांना बारवंत उतरू देऊ नका बरं का.” नाना म्हणाले, “बरं.” घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही हसून लोळलो. आज्जी नाही हसली.

मग त्र्याऐंशी साल आलं. सरकारनं नारू हटवायचं ठरवलं. आमच्या भागात एक अभ्यास केंद्र निघणार होतं: चांगला मायक्रोस्कोप, हाताखाली माणूस, आणि तालुक्यातल्या बारवांच्या पायऱ्या बंद करून वर रहाट बसवायचा अधिकार. नानांना ते हवं होतं. इतकं हवं होतं की त्यांनी चष्म्याला नवी काडी बसवून घेतली. कारण दुसरीकडं त्यांच्या बदलीचा कागद तयार होता, पार चांदा जिल्ह्यात. केंद्र मिळालं तर ते इथंच राहून काम पुरं करणार. नाही मिळालं तर सगळं इथंच टाकून जाणार. बारव होती तशी राहणार, नारूही राहणार.

औरंगाबादला मुलाखत झाली. समितीतल्या मोठ्या साहेबांचं बोलणं नाना सांगतात सपाट आवाजात, पण मला ते नाकातून ऐकू येतं. “हं, डॉक्टर बनसोडे. दोनच लेख? असो. संख्या महत्त्वाची नाही. मला सांगा, हं, ह्या कामाचा इम्पॅक्ट काय? कुणी दखल घेतलीय? दाखले कुठं आहेत?”

जगातल्या कुठल्या संशोधकानं आपल्या लेखात कुणाच्या लेखाचा दाखला दिला, ह्याचे म्हणे अमेरिकेतून जाडजूड खंड निघतात. लेखकाचं नाव काढायचं, खाली दाखल्यांची रांग. साहेबांनी खंड मागवले. ‘बनसोडे’ काढलं. खाली एकच दाखला होता, आणि तो दिला होता बनसोड्यांनीच. नानांनी दुसऱ्या लेखात पहिल्याचा उल्लेख केला होता तो.

साहेब हसले. मग नारूवर आणखी कुणाचं काही आहे का म्हणून त्यांनी पानं उलटली आणि बोट ‘पाटील’वर येऊन थांबलं. “अरे वा. हे पाटील कोण? ए. पाटील. नारू. हं, प्राग, लागोस, कराकस… रांग बघा केवढी. पत्ता तर तुमच्याच तालुक्यातला दिसतोय. ओळखता?”

“ओळखतो.”

“मग त्यांनी अर्ज का नाही केला?”

“तसं बघितलं तर तुरी काढायला आल्यात त्यांच्या.”

मग नानांनी घडलं ते सगळं सांगितलं. खंडात लेखाचं नाव छापत नाहीत, नुसतं माणसाचं नाव, विषय आणि पत्ता; त्यामुळं तो लेख एकच आहे हे कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “शक्य आहे. पण बनसोडे, स्वतःच्या नावावरचे दाखले कुणी दुसऱ्याला परत केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. त्या पाटलांकडून तसं लेखी आणा. पुढच्या बैठकीपर्यंत थांबतो.”

नाना परत आले आणि मागायला गेलेच नाहीत. “सोसायटीची निवडणूक तोंडावर आहे त्यांची. सगळ्यांसमोर माणसाचं हसं करायचं?” असं म्हणाले आणि कपाटातली पुस्तकं खोक्यात भरायला लागले. चांद्याला न्यायला.

आज्जीला दाखल्याचं प्रकरण नीट समजायला जरा वेळ लागला. “दाखला तर तलाठी देतोय,” ती म्हणाली. मी समजावलं: एखाद्यानं पाणी दिलं, तर पिणाऱ्यानं चारचौघांत सांगायचं, अमक्याच्या हातचं प्यालो. तेवढंच. आज्जीनं डोक्यावरून पदर घेतला आणि चपला शोधायला लागली. मीही तिच्या मागं निघाले.

पाटील ओट्यावर अडकित्ता घेऊन बसले होते. “या की पुतळाबाई. वर बसा.” आज्जी पायरीवरच बसली. चहा आला. आज्जीनं कपाला कान आहे, की तो आमच्यासाठी वेगळा ठेवलेला फुटका कप आहे, ते आधी बघितलं, मग कप उचलला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, “पाटील, तुमच्या पायाला नारू कवा निगाला पयल्यांदा?”

“ल्हानपनीच. ह्ये बघा वण. आमच्या घरात कुनाला चुकला न्हाय.”

“आनि आमच्या मालकाला?”

पाटलांचा अडकित्ता थांबला.

“दुष्काळाच्या आदी आमच्यात नारू कुनी बघितला न्हवता. तुमी बारवंत उतरू देत न्हवता म्हनून. मग तुमीच म्हनलात, उतरा. पानी मिळालं, जीव ऱ्हायला, त्ये म्या इसरले न्हाय. पर त्या पान्यातनं माझ्या मालकाच्या पायात जे आलं त्येच्यावर माझ्या पोरानं लिवलंय. पाय आमचा, पोरगं आमचं. आनि दाखलं तुमच्या नावावर. त्यापायी पोरगं चाललंय चांद्याला, आनि बारव ऱ्हातीय तशीच.”

पाटलांनी अडकित्ता खाली ठेवला. आतून पाटलीणबाई, केशरबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“डॉक्टर कवा बोललं न्हाईत,” पाटील म्हणाले.

“त्यो न्हाय बोलायचा. म्हनून म्या आले.”

“मग आता म्या करू काय?” त्यांच्या तोंडून ‘काय’ हा प्रश्न म्हणून बाहेर पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. “सायबाला जाऊन तोंडी सांगू?”

“तोंडी नगं. सही जशी सोसायटीतनं भायेर गेली, तशीच सोसायटीतनं माघारी आली पायजे.”

वार्षिक सभा शाळेच्या पटांगणात भरली. सभासद सतरंज्यांवर, आम्ही व्हरांड्यात. सगळे विषय संपले तेव्हा शिवलिंगप्पा उठले. “विषय शेवटचा. माननीय अध्यक्षांच्या परवानगीनं. आयत्या वेळी येणारे. विषय.” आणि त्यांनी ठराव वाचला: “चेअरमन श्री. आबाराव पाटील यांनी. नारू या रोगावर. कोणतेही संशोधन. केलेले नाही. सदर संशोधन. डॉक्टर उत्तरेश्वर पिराजी बनसोडे यांचे असून. चेअरमन यांची त्यावर. फक्त सही आहे. सबब. सर्व दाखले. मूळ मालकास. परत करण्यास. ही सभा मंजुरी देते.”

मग विरोधी पॅनेलचे महारुद्र भाऊ उठले. त्यांचा आवाज बैल हाकल्यासारखा. “म्हंजीऽ इतकी वर्सं प्रोफेसर म्हनून आमच्याम्होरं मिरवलं त्येऽ?”

पाटील जागेवर उभे राहिले. पटका नीट केला. “खालची सही माझी, महारुद्र. वरचं समदं डॉक्टरचं. म्या म्हन्तो, ह्ये म्या पयल्याच कार्डाला सांगाया पायजे हुतं. न्हाय सांगितलं. बरं वाटत हुतं.”

एवढं सरळ बोलल्यावर महारुद्र भाऊंची पंचाईत झाली. पण ते हार मानणारे नव्हेत. “मग सूचक म्हनून माझं नाव घाला! चेअरमननं काय केलं न्हाय, ह्ये म्या कवाधरनं बोंबलतोय!”

सगळं पटांगण हसलं. पाटीलही हसले.

“अनुमोदक?” शिवलिंगप्पांनी विचारलं.

मागच्या सतरंजीवरून आमचे आजोबा उठले. सोसायटीचे सभासद ते पहिल्यापासून होते, पण सभेत उभं राहिलेलं त्यांना कुणी बघितलं नव्हतं. त्यांनी धोतर थोडं वर घेतलं. घोट्यापाशी तो वण होता. “पाय माझा हाय,” ते म्हणाले. “म्हनून माझं अनुमोदन.”

ठराव सर्वानुमते मंजूर.

ह्या वेळी स्टेन्सिल निघेपर्यंत नाना यंत्रापासून हलले नाहीत. ठराव इंग्रजीत टाइप झाला. शिवलिंगप्पांनी सगळी जुनी कार्डं जपून ठेवली होती, ऑडिटच्या भीतीनं. त्या सगळ्या पत्त्यांवर तो जाणार होता. शेवटी शिवलिंगप्पांनी सवयीनं कागद चेअरमनकडं सरकवला, सहीला.

नानांनी हात मधे घातला. “शिवलिंगप्पा, तसं बघितलं तर, खाली पुन्हा ह्यांचीच सही असली, तर ह्या ठरावाचेसुद्धा दाखले ह्यांच्याच नावावर जमा होतील.”

शिवलिंगप्पा घाम पुसायला लागले. एकीकडं जग, दुसरीकडं ऑडिट. शेवटी तोड निघाली: मथळ्याखाली मोठ्या अक्षरांत नानांचं नाव आणि ‘लेखक’, आणि तळाला चेअरमनची सही, तिच्या डोक्यावर स्वच्छ इंग्रजीत, ‘लेखक नव्हे’. शेजारी गोल शिक्का.

दुसऱ्या बैठकीत साहेबांनी तो कागद वाचला, परत वाचला. नाकातून म्हणाले, “हं. ह्या ठरावाला सूचक कोण?”

“चेअरमनचे विरोधक.”

“आणि अनुमोदक?”

“तसं बघितलं तर, पेशंट.” मग नाना थांबले आणि पुढचं वाक्य त्यांनी कशाचाही आधार न घेता म्हटलं. “माझे वडील.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

केंद्र मंजूर झालं. फार काही भव्य नाही: दवाखान्याची मागची खोली, एक नवा मायक्रोस्कोप आणि हाताखाली मल्लिनाथ नावाचा एक जण, जो मायक्रोस्कोपला रोज उदबत्ती दाखवतो. चांद्याचा कागद रद्द. हैदराबादच्या मासिकानं चार ओळींचा खुलासा छापला. जाडजूड खंडात मात्र जे छापलं ते छापलं; तिथं पाटील जन्मभर नारूचे संशोधक राहणार आहेत. सोसायटीतली चौकट त्यांनी स्वतः उतरवली. खिळा तसाच आहे, त्याला आता खताच्या कंपनीचं कॅलेंडर लटकतं. निवडणूक ते जिंकले, थोडक्यात. महारुद्र भाऊ म्हणतात, ठरावाला सूचक झालो तिथंच चुकलं.

नानांनी पहिलं काम आमच्याच बारवेचं घेतलं. पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घातली आणि वर रहाट बसवला. आता सगळं गाव वरूनच दोर सोडतं. पहिल्या दिवशी केशरबाई पाटलीणबाई घागर घेऊन आल्या आणि दोर हातातून सरसर निसटून त्यांचे तळवे सोलवटले. आज्जी शेजारीच उभी होती. तिनं दोर आपल्या हातात घेतला.

“हातानं नगं बाई. कमरंनं वढायचं. पाय असा रोवा. हां. आता या.”

केशरबाईंनी ओढलं. घागर वर आली. “लई वर्सं वढत हुता व्हय तुमी असं?” त्यांनी विचारलं.

“व्हय,” आज्जी म्हणाली आणि त्यांची घागर उचलून त्यांच्या कमरेवर दिली.

परवा बंडप्पांनी दोन कार्डं आणली. एक नानांच्या नावाचं, ब्राझीलचं, तिकिटावर पोपट. दुसरं पाटलांच्या नावाचं. ते घेऊन पाटील धापा टाकत आमच्या दारात. “म्या म्हन्तो डॉक्टर, ठराव धाडला, शिक्का मारला, ‘नव्हे’ म्हनून लिवलं, तरी ह्ये लोक मानंनात! ह्येलाबी तुमीच काय ते धाडा. काय?”

आज्जीनं चुलीपासून विचारलं, “काय मागतंय ते?”

“कागदच मागतंय आई,” नाना म्हणाले.

“मग दोघांनाबी दे की.”

नानांनी ट्रंकेतून लेखाच्या नव्यानं छापलेल्या दोन प्रती काढल्या, मांडीवर ठेवल्या आणि दोन्हींच्या खाली, पाटलांसमोर, सावकाश आपली सही केली.